आत्याची भिंत आणि राखेचं सिमेंट

"तुझ्या शब्दावरच घेतलं होतं ना रे ते सिमेंट?"

आत्याचा हा प्रश्न २०२२ च्या मे महिन्यातला. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. चहाचा कप माझ्यापुढे ठेवता ठेवता तिनं विचारलं आणि पश्चिमेच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीच्या बुडाशी गिलाव्याचा भुगा पडला होता. रोज सकाळी ती तो झाडून काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच पडलेला असायचा.

गाव माण तालुक्यातलं, दहिवडीपासून फार लांब नाही. घर २०१९ चं. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, तेव्हा हातात आलेले पैसे तिनं या घरात घातले. घर बांधताना दादाचा (माझा आतेभाऊ) फोन आला होता. दुकानात दोन प्रकारचं सिमेंट होतं, एक ५३ ग्रेड आणि एक पीपीसी. कुठलं घेऊ?

मी सिव्हिलचा माणूस. वीसेक वर्षं साइटवर काढलेली. म्हणालो, "पीपीसी घे. डोळे झाकून."

हे 'डोळे झाकून' मला नंतर फार महागात पडलं. म्हणूनच हे सगळं लिहितोय. नात्यातले बरेचजण इथे वाचायला येतात आणि त्यातल्या निम्म्यांचं मत मला ठाऊक आहे. "राख ती राखच, तिचं घर होतं का कुठे?" हे वाक्य एका लग्नाच्या पंगतीत, मी ऐकावं अशा बेतानं, म्हटलं गेलेलं आहे. तर आज माझी बाजू मांडतो. पण वाचून झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की ही पूर्णपणे माझी बाजू नाहीच.

आधी ही राख कुठली ते सांगतो. औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळसा पिठासारखा दळून जाळतात. आपल्याकडच्या कोळशात राख फार, साधारण ३० ते ४५ टक्के. जळल्यावर जी बारीक धूळ धुराबरोबर वर जाते, ती चिमणीच्या आधीच विजेच्या जाळीत पकडतात. हीच फ्लाय ॲश. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे ही नावं आपण विजेसाठी ऐकतो, पण प्रत्येक ठिकाणी राखेचा हिशेबही असतो. देशभरात अलीकडे वर्षाला ३० कोटी टनांहून जास्त राख निघते. ती तशीच सोडली तर तळी भरतात, वाऱ्यानं उडते, शेतात आणि विहिरीत जाते. १९९९ साली केंद्र सरकारनं ती बांधकामात वापरण्याबद्दल पहिली अधिसूचना काढली आणि पुढे तिचे नियम कडक होत गेले. म्हणजे राख कुठेतरी जिरवायलाच हवी होती, हे खरं.

पण 'जिरवायला हवी होती म्हणून सिमेंटात घुसडली' हे मात्र खरं नाही. लोकांचा संशय नेमका इथेच असतो. दुधात पाणी तसं सिमेंटात राख, असं त्यांना वाटतं. आत्याच्या मनातही तेच होतं.

आता जरा रसायन, पण घाबरू नका, स्वयंपाकघराइतकंच आहे. सिमेंटात पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे खरा डिंक, जो वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवतो. आणि दुसरा चुना, आपला साधा विरलेला चुना. डिंक कामाचा. चुना मात्र बराचसा नुसता बसून राहतो. पाणी मुरलं की त्यात विरघळतो आणि बाहेर येतो. गच्चीच्या स्लॅबखाली पांढरे ओघळ आणि कधीकधी बारीक सुळे लोंबताना पाहिलेत ना? तो हाच चुना. तो गेला की त्याच्या जागी भोक उरतं, आणि त्या भोकातून पुढचं पाणी, पुढचे क्षार आत शिरतात.

राखेत असते सिलिका, आणि तीही काचेसारखी, स्फटिक न झालेली. ती या रिकामटेकड्या चुन्याला धरते आणि ओलाव्यात हळूहळू त्याचाही डिंक बनवते. म्हणजे जे वाहून जाणार होतं तेच कामाला लागतं आणि भोकं बुजत जातात. म्हणून चांगल्या मुरलेल्या राखमिश्रित मालातून पाणी कमी झिरपतं, क्षार कमी शिरतात, आणि समुद्रकाठी लोखंड गंजवणारं क्लोराइड आत पोचायला जास्त वेळ लागतो. लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणाऱ्या मळीचं, म्हणजे स्लॅगचं सिमेंटही याच कारणानं समुद्राजवळच्या कामांना चांगलं.

ही युक्ती नवी नाहीच. आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात सुरखी घालत. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, बरेचदा फुटक्या, वाया गेलेल्या विटांची. बैलाच्या घाणीत चुना मळताना ती टाकत. रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या पोझुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली आणि समुद्रात धक्के बांधले, त्यातले काही दोन हजार वर्षांनंतरही उभे आहेत. पीपीसीमधला मधला 'पी' म्हणजे पोझोलाना, तो त्या गावावरूनच आलेला. अमेरिकेत मोंटाना राज्यात १९४८ ते १९५३ या काळात हंग्री हॉर्स धरण बांधलं, त्यात लाखभर टनांच्या वर फ्लाय ॲश आहे. आणि इतक्या लांब कशाला जायचं, आपल्या घाटघरला जा. भंडारदऱ्याच्या वर सह्याद्रीच्या कड्याशी जो उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, त्याची धरणं रोलरनं दाबलेल्या काँक्रीटची आहेत, देशातली या पद्धतीची पहिली. त्यातल्या सिमेंट आणि राखेच्या मिश्रणात निम्म्याहून जास्त राख आहे. निम्म्याहून जास्त! आपल्या पीपीसीच्या गोणीत कायद्यानं १५ ते ३५ टक्केच चालते.

एवढं सगळं मी त्या दिवशी आत्याला सांगितलं. शिक्षिका होती, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "धरण टिकलं असेल बाबा. माझी भिंत का नाही टिकली?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी उठलो आणि भिंती वाजवत निघालो. आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. बोटाच्या पेरानं किंवा नाण्यानं गिलाव्यावर टकटक करायचं. घट्ट बसलेला गिलावा टणक आवाज देतो. सुटलेला 'भद्' असा पोकळ वाजतो. पश्चिमेची भिंत जवळजवळ सगळी भद्. नखानं ओरखडलं तर वाळू हातात येत होती. दक्षिणेची अर्धी भद्. पूर्वेची बरी. उत्तरेची बरी.

आणि मग मागच्या बाजूला, मोरीची भिंत. ती पश्चिमेलाच तोंड करून आहे, तेच ऊन खाते. पण खालपासून छातीपर्यंत तिचा गिलावा असा टणक की नाणं मारल्यावर हाताला झिणझिण्या याव्यात. छातीच्या वर पुन्हा भद्.

मी दादाला विचारलं, "इथे वेगळं सिमेंट वापरलं का रे?" नाही. तीच गोणी, तीच वाळू, तेच गवंडी, तोच आठवडा. "मग इथे काय केलं?" काहीच नाही म्हणाला. आत्या मागून म्हणाली, "अरे, बांधकाम चालू होतं तेव्हा आमची भांडी तिथेच घासत होतो आम्ही. आतली मोरी व्हायची होती ना."

दोन-अडीच महिने रोज दोन वेळा भांडी. त्या भांड्यांच्या पाण्याचे शिंतोडे जिथपर्यंत उडाले, तिथपर्यंत गिलावा टणक. जिथे पोचले नाहीत तिथे भुगा.

मंडळी, मी प्रयोगशाळेत बरेच चाचणीचे ठोकळे फोडलेत. पण याच्याइतका स्वच्छ प्रयोग मी पाहिलेला नाही, आणि तो केला होता आत्याच्या खरकट्या पाण्यानं.

आता २०१९ चा उन्हाळा आठवा. आदल्या ऑक्टोबरातच सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, त्यात माण होताच. एप्रिलमध्ये गावात टँकर. पिण्याचं पाणी मोजून. अशात भिंतीवर पाणी कोण मारणार? दादानं सांगितलं, तीन दिवस मारलं, तेही सकाळी एकदाच. मग गवंडी म्हणाला, "झालं, आता रंगाला मोकळं." दादाचा दोष काय? माणसं पाण्यासाठी रांगेत उभी असताना भिंतीवर पाणी ओतायला त्याचा हात धजला नाही. माझाही धजला नसता.

पण राखेच्या सिमेंटाचं गणित इथेच बिघडतं. साधं सिमेंट पहिल्या काही दिवसांतच आपलं बरंचसं काम उरकतं. राखेचं काम सावकाश. ती चुन्याशी जोडायला सुरुवातच उशिरा करते, आणि पुढे कित्येक आठवडे, महिने करत राहते. अट एकच, आत ओलावा हवा. माल सुकला की काम थांबलं. मग राख ही नुसती बारीक माती होऊन बसते, आणि ज्या सिमेंटाची जागा तिनं घेतली तेवढं सिमेंट मात्र कमी झालेलं असतं. म्हणजे उपास घडला आणि पुण्यही नाही मिळालं.

प्रमाणग्रंथात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. काँक्रीटच्या भारतीय मानकात (आयएस ४५६, सन २०००) साध्या सिमेंटाला कमीत कमी ७ दिवस ओलं ठेवा, राख-मळी मिसळलेल्या सिमेंटाला कमीत कमी १० दिवस, आणि शक्यतो १४ दिवसांपर्यंत वाढवा असं म्हटलंय. हे काँक्रीटबद्दल झालं, चांगलं जाडजूड. गिलावा असतो १२ ते २० मिलिमीटर. काँक्रीटचा खांब आतून दोन दिवस तरी ओलावा धरतो. गिलाव्यातलं पाणी एका बाजूनं वीट पिते आणि दुसऱ्या बाजूनं माणचं ऊन आणि वारा. एका दुपारीत खेळ खलास. म्हणजे ज्याला ओलाव्याची गरज सगळ्यात जास्त, त्याचाच ओलावा सगळ्यात आधी जातो. आणि आपल्याकडे पद्धत काय? स्लॅबवर आळी करून पाणी भरतात, सात-सात दिवस कौतुकानं बघतात. गिलाव्यावर मात्र येता-जाता पाइप फिरवला की झालं.

घाटघरच्या धरणाचं उत्तरही इथेच मिळतं. धरण म्हणजे प्रचंड जाडीचा, आत कायम दमट राहणारा माल. तिथे राखेला वर्षं न् वर्षं ओलाव्यात काम करायला मिळतं. तिथे तर तिचा सावकाशपणाच हवा असतो, कारण त्यामुळे काँक्रीट आतून कमी तापतं आणि कमी तडकतं. धरणाचा दाखला देऊन भिंतीची हमी द्यायची, ही माझी चूक होती. आत्याचा प्रश्न माझ्या व्याख्यानापेक्षा जास्त बरोबर होता.

आता इथे काहीजण म्हणतील (म्हणालेच आहेत), "मग ५३ ग्रेडच घ्यायचं होतं ना! कशाला ही नाजूक भानगड?"

हे मला पटत नाही, आणि हे मी हट्टानं म्हणत नाही. ५३ हा आकडा काय आहे? प्रमाणित वाळूबरोबर केलेला सिमेंटाचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला कमीत कमी ५३ न्यूटन दाब सोसतो. पीपीसीला हाच आकडा कमीत कमी ३३ लागतो. ऐकायला मोठा फरक. पण गिलाव्याचा माल आपण करतो एकास चार, एकास सहा. एकास सहाच्या मालाची ताकद जुडाईच्या मानकात धरली आहे ३ न्यूटन. तीन! तिथे ५३ चा तोरा काय कामाचा? उलट फार तेज सिमेंटाचा, जास्त सिमेंट घातलेला गिलावा सुकताना जास्त आकसतो आणि त्याला केसासारख्या चिरा पडतात. तुमच्या-माझ्या कितीतरी भिंतींवर आहेत त्या. भिंतीला पैलवान नको असतो. जरा लवचीक, पाणी अडवणारा, विटेला चिकटून राहणारा माणूस हवा असतो. आणि कमी पाण्यात ५३ ग्रेडही काही चमत्कार करत नाही, त्याचाही गिलावा कच्चाच राहतो. फक्त राखेच्या सिमेंटाइतका नाही, एवढंच.

शिवाय दुसरी बाजूही आहे. सिमेंटाचा गाभा म्हणजे क्लिंकर, चुनखडी भाजून केलेला. एक टन क्लिंकर करताना आठ-नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नसून खुद्द चुनखडीतून निघतो. म्हणजे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो जाणारच. गोणीत तीस टक्के राख असेल तर तितका क्लिंकर वाचला. माणसारख्या गावांनी दुष्काळ कशाला म्हणतात ते पिढ्यान् पिढ्या पाहिलंय. हवामान बिघडवणाऱ्या गोष्टी कमी करायच्या असतील तर त्याची गरज त्यांच्याइतकी कुणाला असणार?

पण त्याच गावांकडे चौदा दिवस भिंत भिजवायला पाणी नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी अडचण ही आहे. टाकाऊतून टिकाऊ करणारं हे सिमेंट मागतं काय, तर पाणी आणि वेळ. या दोन्ही गोष्टी गरिबाच्या बांधकामावर सगळ्यात कमी असतात. मोठ्या कंत्राटात इंजिनियर असतो, नोंदवही असते, पाण्याचं बिल असतं. आत्याच्या घरावर रोजंदारीचा गवंडी असतो, त्याला सोमवारी दुसरीकडे जायचं असतं.

मग दोष कुणाचा? राखेचा नाही, हे मोरीच्या भिंतीनं सांगितलंच. गवंड्याचा थोडा आहे. (दुपारच्या जेवणानंतर घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरला असणार, असाही माझा संशय आहे, कारण दक्षिणेची भिंत ठिगळाठिगळानं खराब होती.) पण गवंड्याला कुणी सांगितलं होतं? मी पाहिलेल्या गोण्यांवर 'फ्लाय ॲश बेस्ड' लिहिलेलं असतं, कुठल्या आठवड्यात भरलं ते असतं, हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र असतं. 'चौदा दिवस ओलं ठेवा' असं मराठीत, ठळक, गवंड्याला दुरून दिसेल असं लिहिलेलं मला एकाही गोणीवर सापडलं नाही. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' असतं. कपड्यावर कसं धुवायचं त्याची चित्रं असतात. आणि जे चाळीस-पन्नास वर्षं टिकायला हवं, त्याच्या गोणीवर ते कसं टिकेल हे नाही?

आणि गोणीवर नव्हतं ते मी फोनवर सांगायला हवं होतं. माझ्या त्या वाक्यात सिमेंटाचं नाव होतं, दिवस नव्हते. 'पीपीसी घे' हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं, 'पीपीसी घे आणि दोन आठवडे ओलं ठेव. ते जमणार नसेल तर गिलावा आत्ता करूच नको, पावसाळ्यापर्यंत थांब.' आम्ही इंजिनियर लोक नव्या मालाची वकिली फार जोरात करतो आणि त्याची अट बारीक आवाजात सांगतो. मग भिंत गेली की लोक मालाला शिव्या देतात आणि आम्ही लोकांच्या अडाणीपणाला. अडाणी कोण, ते मला त्या दिवशी कळलं.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात, नाहीतर ही जाहिरात व्हायची. पहिली, राख म्हणजे कुठलीही राख नव्हे. मानकात तिची बारीकी ठरलेली आहे, न जळलेला कोळसा किती असावा त्याची मर्यादा आहे. कारखान्यात मोजून मिसळलेली राख वेगळी, आणि तळ्यातून ट्रॅक्टरनं आणलेली जाडीभरडी राख साइटवर फावड्यानं कालवणं वेगळं. कुणी 'तेच असतंय की' म्हणालं तर ऐकू नका. दुसरी, राखेनं चुना खाल्ला की माल हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपुढे जरा लवकर नमतो. नुसत्या गिलाव्यात त्यानं फारसं बिघडत नाही, पण सळईवरच्या काँक्रीटमध्ये बिघडतं, कारण चुन्यामुळेच सळई गंजण्यापासून वाचलेली असते. कच्च्या भिजवलेल्या मालात हे आणखी लवकर होतं. म्हणजे फिरून तिथेच आलो, पाणी आणि वेळ.

तर मग पुढे काय केलं? आत्याच्या पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा २०२३ च्या श्रावणात पूर्ण उतरवला आणि पुन्हा केला. मी चार दिवस रजा टाकून गेलो. दुकानदारानं विचारलं, "कुठलं देऊ?" दादानं माझ्याकडे बघितलं. मी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "तेच द्या. ह्याला एकदा नीट करून बघू दे."

भिंत आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवली, म्हणजे विटेनं मालातलं पाणी ओढू नये. काम सकाळी लवकर सुरू करून ऊन त्या भिंतीवर यायच्या आत थांबवलं. माल अर्ध्या-अर्ध्या गोणीचाच कालवला. आणि मग गोणपाटं. गावातल्या घराघरांतून जुनी गोणपाटं गोळा केली, भिंतीवर वरून सोडली, दिवसातून तीनदा भिजवली. त्यावर शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा बांधला, म्हणजे वाऱ्यानं सुकू नये. कागदामुळे पाणी खरोखर कमी लागलं. नुसत्या पाइपनं मारलं की अर्धं तर खाली वाहूनच जातं. त्यावर्षीही पाऊस रुसलेलाच होता, तरी श्रावणातली हवा आणि एप्रिलमधली हवा यात फरक होता. पहिले चार दिवस मी होतो. पुढचे दहा दिवस आत्यानं स्वतः पाहिलं. वहीत तारखा घालून, खूण करून, हजेरी घेतल्यासारखं.

त्या गोणपाटांखालून मला एक गोष्ट कळली. दुष्काळी गावात ओलं ठेवायचं म्हणजे जास्त पाणी ओतायचं असं नाही, आहे ते पाणी उडू द्यायचं नाही. गोणपाट, कागद, सावली, आणि योग्य महिना. यातलं काहीच महाग नाही. फक्त कुणीतरी सांगायला हवं, आणि घरमालकानं तेवढे दिवस गवंड्याची आणि रंगाऱ्याची घाई अडवून धरायला हवी. घर बांधताना आपण मुहूर्त पाहतो, वास्तू पाहतो, दाराची दिशा पाहतो. त्यात 'गिलाव्याचा महिना' हीदेखील एक गोष्ट पाहायला काय हरकत आहे?

भिंत टिकेल का? मी आता छातीठोकपणे काही सांगत नाही. पहिली भिंत तीन उन्हाळ्यांत गेली होती. ही किती जाते ते बघायचं. गिलाव्याचं प्रमाणपत्र शेवटी ऊन-पाऊसच देतात.

मध्यंतरी आत्याचा फोन आला होता. दर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती त्या भिंतीवर बांगडीनं टकटक करून बघते म्हणाली, वरपासून खालपर्यंत, हात पोचेल तिथवर. मी विचारलं, "मग?"

"अजून तरी वाजत नाही," म्हणाली. आणि मग थांबून, "पण पुढच्या वेळी कुणाला सल्ला दिलास ना, तर दिवस पण सांग."

सांगतो आत्या. चौदा.